खलिते लिहिणारा इतिहासकार : ई. एच. कार आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या इतिहासाकडे वळणाऱ्याला एक अडचण सुरुवातीलाच भेटते. या विषयात साधनांचा तुटवडा नाही. तहांचे मसुदे, राजदूतांचे खलिते, परिषदांची इतिवृत्ते, मंत्र्यांची टिपणे यांनी दफ्तरखाने भरलेले आहेत. पण हे कागद लिहिणारे, जपणारे आणि छापणारे बहुधा एकाच घरचे असतात. ज्याच्यावर खटला चालायचा त्याच्याच कारकुनाने पुरावा निवडावा, त्याला फीत बांधावी आणि न्यायाधीशापुढे ठेवावा, तसा हा प्रकार. म्हणून या क्षेत्रात शिरताना तारखा आणि तहनामे पाठ करण्यापेक्षा कागदाची चौकशी करायला शिकणे जास्त महत्त्वाचे असते.

ती चौकशी शिकण्यासाठी प्रस्तुत ग्रंथ एका माणसाची वाट धरतो. एडवर्ड हॅलेट कार (१८९२–१९८२) यांनी वीस वर्षे ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरी केली. नंतर अकरा वर्षे ते वेल्समधल्या ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे प्राध्यापक होते. त्यातच युद्धकाळात त्यांनी ‘द टाइम्स’चे अग्रलेख लिहिले, आणि उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग सोव्हिएत रशियाचा चौदा खंडांचा इतिहास लिहिण्यात घालवला. आपल्याकडे इतिहासाचा विद्यार्थी त्यांना ओळखतो तो ‘व्हॉट इज हिस्टरी?’ या छोट्या पुस्तकामुळे. साधनांविषयीचा जो संशय त्या पुस्तकात दिसतो, तो नुसत्या ग्रंथालयात बसून आलेला नव्हता. साधने ज्या टेबलावर तयार होतात त्या टेबलावर कार स्वतः बसले होते. त्यांच्या चरित्रातून या विषयाची शिस्त कळते, आणि ती पाळणे किती अवघड आहे हेही कळते. कारण जे प्रश्न ते दुसऱ्यांच्या कागदांना विचारत, ते स्वतःच्या मतांना त्यांनी नेहमी विचारले नाहीत. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात, हे या प्रस्तावनेचे सांगणे आहे.

आधी या विषयाच्या जन्माविषयी थोडेसे. नोव्हेंबर १९१७ मध्ये सत्तेवर आल्यावर बोल्शेविकांनी झारच्या दफ्तरातले गुप्त तह प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ऑटोमन साम्राज्याचे प्रदेश ब्रिटन आणि फ्रान्स यांनी आपसांत कसे वाटून घेतले होते, ते सांगणारा सायक्स-पिको करार त्यातूनच जगापुढे आला. पुढे व्हर्सायच्या तहातील २३१व्या कलमाने युद्धातल्या हानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या दोस्तांवर टाकली. ती नाकारण्यासाठी जर्मन परराष्ट्र खात्याने १९२२ ते १९२७ या काळात आपल्या जुन्या कागदपत्रांचे चाळीस खंड छापले. ब्रिटनने गूच आणि टेंपर्ली या इतिहासकारांकडून अकरा खंड संपादित करवून घेतले. ते १९२६ ते १९३८ दरम्यान निघाले. एरवी दोन पिढ्या कुलपात राहिले असते असे कागद अभ्यासकाच्या हाती आयते आले. पण यातला प्रत्येक संच त्या त्या सरकारची कैफियतही होता. कोणता कागद छापला याइतकेच कोणता वगळला हे महत्त्वाचे ठरू लागले, आणि त्या प्रश्नाभोवती एक नवी विद्याशाखा उभी राहिली.

विद्यापीठात तिला जागा मिळाली ती १९१९ साली. वेल्समधले उदारमतवादी खासदार आणि उद्योगपती डेव्हिड डेव्हिस यांनी बहिणींसह दिलेल्या देणगीतून ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अध्यासन स्थापन झाले. जगातले हे अशा प्रकारचे पहिले अध्यासन. त्याला अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव दिले होते, आणि युद्ध पुन्हा होऊ नये यासाठी राष्ट्रसंघाच्या विचाराला अभ्यासाचे बळ द्यावे ही देणगीदाराची इच्छा होती. म्हणजे हा विषय जन्मापासून एका आशेशी बांधलेला होता. त्या अध्यासनावर १९३६ मध्ये कार आले. डेव्हिस यांना ही निवड मुळीच रुचली नव्हती, आणि पुढे जे घडले ते पाहता त्यांची शंका अनाठायी नव्हती.

कार तेथे पोचले ते परराष्ट्र खात्यातून. लंडनमधल्या मध्यमवर्गीय घरात त्यांचा जन्म झाला आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात ते ग्रीक-लॅटिन शिकले. १९१६ साली परराष्ट्र खात्यात त्यांना पहिले काम मिळाले ते जर्मनीच्या नाकेबंदीचे. शत्रूकडे जाणारा माल कसा अडवायचा, तटस्थ देशांवर दडपण कसे आणायचे, हे तेथे रोज ठरत असे. तोफ न डागता एखाद्या देशाचे नाक दाबता येते, आर्थिक बळ हेही बळच असते, हा धडा त्यांनी पुस्तकाआधी फायलींत वाचला. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत ते ब्रिटिश शिष्टमंडळात कनिष्ठ अधिकारी होते. १९२५ ते १९२९ ही वर्षे त्यांनी लॅटव्हियाची राजधानी रिगा येथील ब्रिटिश वकिलातीत काढली. काम बेताचे, वेळ भरपूर. तेथे ते रशियन साहित्यात रमले. दस्तयेव्हस्की, हर्झन आणि त्यांचे समकालीन वाचताना त्यांना जाणवले की, ज्या उदारमतवादी विचारांत आपण वाढलो ते सगळ्या जगाला मान्य असलेले सत्य नव्हे. बाहेरून पाहणाऱ्याला ते एका विशिष्ट समाजाचे सोयीचे तत्त्वज्ञानही वाटू शकते. १९३० नंतर ते लंडनमध्ये राष्ट्रसंघाशी संबंधित कामावर होते. ज्या संस्थेवर जगाने आशा ठेवली तिच्या बैठकांमागे काय चालते, हे त्यांनी आतून पाहिले.

नोकरीत असतानाच त्यांनी लेखन सुरू केले. ‘दस्तयेव्हस्की’ (१९३१), हर्झन आणि इतर परागंदा रशियनांवरचे ‘द रोमँटिक एक्झाइल्स’ (१९३३), मार्क्सवरचे पुस्तक (१९३४) आणि राजीनाम्यानंतर प्रसिद्ध झालेले बाकुनिनचे चरित्र (१९३७) ही त्या काळातली. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासक्रमात ही पुस्तके सहसा नसतात. नव्या वाचकाने तरीही ‘द रोमँटिक एक्झाइल्स’ वाचावे. देश सोडून आलेली, सत्तेपासून दूर असलेली, पत्रांत आणि वादांत जगणारी माणसे कार तेथे अतिशय जिवंतपणे उभी करतात. पुढच्या भव्य लेखनात अशा माणसांना जागा उरली नाही. ती का उरली नाही, हा प्रश्न वाचकाने मनात ठेवावा.

‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ हे त्यांचे या क्षेत्रातले प्रमुख पुस्तक. ते १९३९ च्या उन्हाळ्यात छापखान्यात होते आणि युद्ध सुरू झाल्यावर, सप्टेंबरमध्ये, वाचकांच्या हाती आले. त्यातला मुख्य हल्ला एका लाडक्या समजुतीवर आहे: सर्व राष्ट्रांचे खरे हित एकच असते, आणि ते त्यांना नीट समजावले की शांतता नांदेल. कार विचारतात, शांततेत सर्वांचे हित आहे हे सांगतो कोण? ज्याला हवे ते आधीच मिळालेले असते, तो. मुक्त व्यापारात सर्वांचे भले आहे हे एकोणिसाव्या शतकात ब्रिटनने जगाला सांगितले, कारण तेव्हा बाजार त्याच्या हातात होता. यात ढोंग असतेच असे नाही. बलवानाला आपले हित आणि जगाचे हित यांतला फरक मनापासून दिसत नाही, हे जास्त खरे. आंतरराष्ट्रीय राजकारणात चालणारे बळ कार तीन प्रकारचे मानतात: लष्करी, आर्थिक आणि जनमतावरचे. तिसऱ्याचा उल्लेख १९३९ साली करणे हे विशेष. आकाशवाणी, चित्रपट आणि वृत्तपत्रे ही राज्यकर्त्यांची हत्यारे कशी झाली होती, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

या पुस्तकामुळे कार यांच्यावर वास्तववादी असा शिक्का बसला. तो अर्धाच खरा आहे. केवळ बळाचा हिशेब मांडणाऱ्या विचाराला ध्येय नसते, नैतिक निवाडा करता येत नाही आणि कृतीला कारण देता येत नाही, हेही त्याच पुस्तकात त्यांनी स्पष्टपणे लिहिले आहे. आदर्श आणि बळ यांतले एक निवडा असे ते सांगत नाहीत. दोहोंच्या ताणातूनच राजकारण घडते, असे त्यांचे मत आहे. बळाविषयीची प्रकरणे वाचून पुस्तक मिटणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे हे मुद्दाम नोंदवावे लागते.

याच पुस्तकात त्यांची सर्वांत मोठी चूकही आहे. १९३८ च्या म्युनिक कराराने चेकोस्लोव्हाकियाचा सुदेटन प्रदेश हिटलरला दिला गेला. वाटाघाटींनी घडलेल्या शांततामय बदलाचे जवळचे उदाहरण म्हणून कार यांनी त्या घडामोडींकडे पाहिले. बदलत्या बलाबलाला जुन्या तहांनी जागा करून द्यावी, या त्यांच्या सिद्धान्तात म्युनिक चपखल बसत होते. ज्यांचा प्रदेश गेला त्या चेकांना मात्र त्या बैठकीत खुर्चीही नव्हती. १९४६ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी मजकुरात बदल केले आणि म्युनिकची भलामण करणारा भाग त्यात राहिला नाही. अभ्यासकाने दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचाव्यात. एखाद्या सरकारने कागद वगळला तर आपण जे विचारतो, ते एका थोर इतिहासकाराने परिच्छेद वगळल्यावरही विचारायला हवे.

युद्धकाळात कार यांची लेखणी अधिक प्रभावी झाली. १९४१ ते १९४६ ते ‘द टाइम्स’चे साहाय्यक संपादक होते. युद्धानंतर सोव्हिएत युनियनशी समजुतीने राहावे लागेल, नियोजित अर्थव्यवस्थेशिवाय युरोप सावरणार नाही, असे ते अग्रलेखांतून मांडत. डिसेंबर १९४४ मध्ये ग्रीसमध्ये ब्रिटिश फौजा तेथल्या डाव्या प्रतिकारकांशी लढू लागल्या, तेव्हा ‘द टाइम्स’ने सरकारवर टीका केली आणि चर्चिल यांनी संसदेत या पत्राला फैलावर घेतले. ‘कंडिशन्स ऑफ पीस’ (१९४२) आणि ‘नॅशनॅलिझम अँड आफ्टर’ (१९४५) ही पुस्तके याच काळातली. दुसरे पुस्तक लहान आहे. राष्ट्रवादाचे टप्पे समजून घेण्यासाठी ते आजही उपयोगी पडते.

मग आला मोठा प्रकल्प. ‘अ हिस्टरी ऑफ सोव्हिएत रशिया’चा पहिला खंड १९५० मध्ये आणि शेवटचा १९७८ मध्ये निघाला. चौदा खंडांत १९१७ ते १९२९ एवढीच वर्षे आहेत. काही खंडांत आर. डब्ल्यू. डेव्हिस हे सहलेखक आहेत. सोव्हिएत दफ्तरे तेव्हा बंद होती. कार यांनी पक्षाच्या अधिवेशनांचे छापील वृत्तान्त, कायद्यांचे संग्रह, वर्तमानपत्रे आणि आकडेवारी यांवर काम केले. उघड छापलेल्या साहित्यातून एका बंदिस्त राज्याची रचना किती काटेकोरपणे उभी करता येते, याचा हा वस्तुपाठ आहे. १९२९ च्या पुढे अशी भरवशाची साधने आटतात, म्हणून त्यांनी तेथे थांबणे पसंत केले.

टीकाही तितकीच मोठी झाली. आयझाया बर्लिन यांचा आक्षेप असा की, कार इतिहास जेत्यांच्या नजरेने पाहतात आणि हरलेल्यांची साक्षच घेत नाहीत. या आक्षेपात तथ्य आहे. आपला विषय क्रांतीच्या घटना हा नसून क्रांतीतून निर्माण झालेली राज्यव्यवस्था हा आहे, असे कार यांनी आरंभीच सांगितले होते. पण विषयाची अशी आखणी केली की व्यवस्था उभारणारे पानोपानी दिसतात आणि तिच्याखाली दबलेले तळटीपेत जातात. १९३८ मध्ये जर्मनीच्या बाबतीत जे झाले तेच येथे वेगळ्या रूपात झाले. जे यशस्वी होत आहे तेच इतिहासाच्या दिशेला धरून आहे, असे मानण्याकडे कार यांचा ओढा होता. बलवानाला स्वतःचे हित जगाचे हित वाटते हे त्यांनीच दाखवले होते. तो निकष त्यांनी मॉस्कोला तितक्या कठोरपणे लावला नाही.

१९६१ च्या जानेवारी ते मार्च या काळात केंब्रिजला त्यांनी दिलेली व्याख्याने म्हणजे ‘व्हॉट इज हिस्टरी?’. त्यातले एक उदाहरण आपल्या क्षेत्रासाठी सोन्यासारखे आहे. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री गुस्टाव्ह श्ट्रेझमान १९२९ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या मागे कागदांच्या तीनशे पेट्या होत्या. त्यांचे सचिव बेर्नहार्ड यांनी त्यातून निवडून तीन जाडजूड खंड काढले. श्ट्रेझमान यांना पश्चिमेकडच्या धोरणात झळाळते यश मिळाले होते, म्हणून त्या कागदांना भरपूर जागा मिळाली. सोव्हिएत युनियनशी चाललेला व्यवहार कमी आला. पुढे इंग्रजी भाषांतर झाले ते आणखी कापून, आणि कात्री पुन्हा त्याच बाजूवर जास्त चालली. आता समजा, मूळ कागद युद्धात जळाले असते आणि फक्त इंग्रजी पुस्तक उरले असते, तर? कार येथेही थांबत नाहीत. मूळ पेट्यांत सोव्हिएत परराष्ट्रमंत्री चिचेरिन यांच्याशी झालेल्या संभाषणांची टिपणे आहेत. त्यांत श्ट्रेझमान भरपूर आणि मुद्देसूद बोलतात, चिचेरिन मात्र थोडे आणि गोंधळलेले. कारण टिपण श्ट्रेझमान यांच्याकडचे आहे. म्हणजे पेटी उघडली तरी हाती येते ती घटना नव्हे. हाती येतो एका पक्षाने घटनेविषयी करून ठेवलेला कागद. असे खलिते वीस वर्षे हाताळलेल्या माणसालाच हे इतक्या सहजतेने दिसू शकते.

या शिस्तीचा उपयोग करून कार यांच्या पलीकडे जाता येते, आणि भारतीय वाचकाने तर जायलाच हवे. १९१९ च्या त्याच पॅरिस परिषदेकडे दुसऱ्या बाजूने पाहू. तरुण कार ब्रिटिश शिष्टमंडळाच्या खोल्यांत वावरत होते, तेव्हा लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. काँग्रेसने परिषदेसाठी निवडलेल्या प्रतिनिधींत त्यांचे नाव होते, पण पॅरिसला जायला त्यांना परवानगी मिळाली नाही. भारताला स्वयंनिर्णयाचा हक्क मिळावा म्हणून त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना आणि विल्सन यांना पत्रे लिहिली. तरीही व्हर्सायच्या तहावर भारताची सही आहे: भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांची. पारतंत्र्यात असलेला भारत राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य झाला. राष्ट्रसंघाच्या करारात वांशिक समानतेचे तत्त्व यावे या जपानच्या प्रस्तावाला समितीत सतरापैकी अकरा मते मिळाली; तरी एकमत नाही असे कारण देऊन विल्सन यांनी तो बाजूला ठेवला. बळ आणि आदर्श यांच्या ताणाची याहून चांगली उदाहरणे मिळणे कठीण. ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’चे लक्ष मात्र मुख्यतः बड्या राष्ट्रांच्या आपसांतल्या व्यवहारावर आहे, वसाहतींतले लोक त्यात स्वतः काही करू पाहणारे म्हणून येत नाहीत.

ही उणीव भरून काढणारे काम गेल्या काही दशकांत झाले आहे. एरेझ मनेला यांनी ‘द विल्सोनियन मोमेंट’ (२००७) मध्ये इजिप्त, भारत, चीन आणि कोरिया येथल्या लोकांनी विल्सन यांच्या घोषणांचा काय अर्थ घेतला आणि त्यांची निराशा कशी झाली, हे मांडले. सुझन पेडरसन यांच्या ‘द गार्डियन्स’ (२०१५) मध्ये राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालच्या प्रदेशांचा इतिहास आहे. त्याआधीच्या पिढीत फ्रान्सच्या पियेर रनुव्हाँ यांनी लोकसंख्या, भूगोल, अर्थकारण आणि सामूहिक मनोवृत्ती यांसारख्या खोलवरच्या शक्तींकडे लक्ष वेधले होते. पहिल्या महायुद्धात एक हात गमावलेला हा इतिहासकार त्याच युद्धाची कारणे शोधत राहिला. १९६१ हे साल तर या क्षेत्रात वादळी ठरले. कार यांच्या व्याख्यानांच्या त्याच वर्षी हँबर्गच्या फ्रिट्झ फिशर यांनी पहिल्या महायुद्धातल्या जर्मन उद्दिष्टांवरचे पुस्तक काढले, आणि ए. जे. पी. टेलर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या कारणांवरचे. दोन्ही पुस्तकांनी मोठे वाद पेटवले. या ग्रंथाच्या उत्तरार्धात या सर्वांची ओळख येते.

नव्या वाचकाने काय करावे, हे शेवटी सांगतो. कार यांची पुस्तके कालक्रमाने वाचा, आणि प्रत्येकावर ते लिहिताना लेखक कोठे नोकरीला होता हे लिहून ठेवा. एखादी परकी भाषा शिका; एकाच राजधानीच्या कागदांवर लिहिलेला दोन देशांचा इतिहास हा निम्मा इतिहास असतो. आणि सराव घरापासून सुरू करा. मराठी वाचकाला त्यासाठी लंडन गाठावे लागत नाही. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह घ्या. तैनाती फौज स्वीकारताना दुसऱ्या बाजीराव पेशव्याने कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी करू नयेत, असेही त्यात ठरले. पुण्याचा रेसिडेंट बॅरी क्लोज यांचा इंग्रजी पत्रव्यवहार छापलेला आहे. पेशवे दफ्तर पुण्यात आहे. शिंदे, होळकर, भोसले यांच्या बाजूचे कागदही मराठी साधनखंडांतून मिळतात. हे सगळे शेजारी मांडा. कोणाच्या टिपणात कोण जास्त बोलतो ते पाहा. तहाने सर्वांचे कल्याण झाले असे कोण म्हणतो आणि त्या वेळी त्याच्या हातात काय होते ते पाहा. ज्याचे कागदच उरले नाहीत अशा पक्षाची एक यादी वेगळी करा. एवढे एका तहाच्या बाबतीत प्रामाणिकपणे केले, तर पुढची प्रकरणे वाचताना तुम्ही आमच्याशीही भांडू लागाल. त्या भांडणासाठीच हे निमंत्रण आहे.